तीन वाजताचं स्वयंपाकघर

१

निवृत्तीनंतर वेळ कसा घालवायचा हे माणसाला कळत नाही, असं म्हणतात. मला ती अडचण आली नाही; वेळ घालवण्याची सवय मला नोकरीतच लागली होती. शिवाय गेल्या हिवाळ्यात मला चक्क नवं काम मिळालं. रोज दुपारी अडीचला धाकट्या भावाच्या घरी जायचं, त्याच्या खिडकीशी थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून उभं राहायचं आणि चाळीसपर्यंत आकडे मोजायचे. बढतीची शक्यता नव्हती. त्याचीही मला सवय होती.

भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान, एकटा. त्याने जन्मभर एका वास्तुविशारदाच्या कार्यशाळेत इमारतींची मॉडेलं केली. म्हणजे अजून न बांधलेली घरं पुठ्ठ्यात बांधून लोकांना दाखवली. पुढे ते काम संगणक करू लागला आणि कार्यशाळा बंद पडली. तेव्हापासून तो पाडून टाकलेल्या खोल्या करतो. माप एकास बारा; खऱ्या खोलीतल्या फुटाचा इथे एक इंच. एक केशकर्तनालय केलं, एका शाळेतली शिक्षकांची खोली केली, एक तिकीटखिडकी केली. खोली झाली की तिचे फोटो काढतो. महिनोन् महिने एकच खोली, रोज एखाददुसरा फोटो.

"फोटो बघून कुणी विचारलं, 'ही खोली कुठे आहे?' तर जमला," तो म्हणतो. "'ही कशाची केलीस?' असं विचारलं तर मेहनत पाण्यात."

त्यासाठी त्याचे नियम आहेत. कॅमेरा त्या खोलीत वावरणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला. दिवा लावायचा नाही. खिडकीतलं ऊन घ्यायचं, तेही त्या खोलीच्या वेळेचं. भिंगाचं तोंड बारीक करायचं, म्हणजे जवळचं आणि लांबचं सारखंच स्पष्ट येतं. पण मग उजेड थेंबाथेंबाने आत जातो, म्हणून शटर चाळीस सेकंद उघडं ठेवावं लागतं. त्या चाळीस सेकंदांत जे स्थिर राहतं तेच फोटोत येतं. जे हलतं ते पुसलं जातं. एकदा शटर उघडं असताना भावाने आत हात घालून माशी हाकलली. फोटोत ना हात, ना माशी.

आणि शेवटचा नियम, बाहुल्या नाहीत. "माणूस करून ठेवला की खोली मरते," तो म्हणतो. "रिकामी ठेवली की वाटतं, कुणीतरी आत्ताच उठून गेलंय."

"आणि ते परत आलं तर?" मी एकदा विचारलं.

"थर्माकोल नीट धर," तो म्हणाला.

२

या वेळची खोली माझ्या घरातली होती. माझ्या बायकोचं स्वयंपाकघर.

ती जाऊन तीन वर्षं झाली. माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी गेली. निवृत्त झालो की दुपारचे निवांत बसू, असं मी तिला पंचवीस वर्षं सांगत होतो. तिने जमेल तेवढी वाट पाहिली. ती गेल्यावर लेकीने घर सुधारायला काढलं. "बाबा, किती अंधारं आहे हे सगळं," म्हणाली, आणि स्वयंपाकघराची भिंत पाडली, दार काढलं, ओटा उखडला. आता तिथे चकचकीत कपाटं आहेत. ती ढकलली की उघडतात आणि ओढली की मोडतात. जुन्या स्वयंपाकघराचा एकही फोटो माझ्याकडे नाही. बायकोचाही धड नाही. फोटो काढायचा म्हटलं की हिला गॅसवरचं काहीतरी आठवायचं. आमच्या अल्बममध्ये ती पानोपानी कुठेतरी निघालेली आहे.

त्यामुळे "दादा, मी वहिनींचं स्वयंपाकघर करतोय, पूर्ण झालं की तुलाच देईन, येत जा मदतीला," असं भाऊ म्हणाला तेव्हा मला भरून आलं. तसं मी दाखवलं नाही. आमच्या घराण्यात ती पद्धत नाही.

खोली दोन बुटांच्या खोक्यांएवढी. ओटा, सिंक, बाजूच्या भिंतीत खिडकी, फळीवर डबे, खिडकीला निळ्या चौकड्यांचा पडदा. कॅमेऱ्याच्या बाजूला भिंत नव्हती. समोरच्या भिंतीत दार, अर्धवट उघडं. मी मदत करावी असं फारसं काही उरलेलंच नव्हतं. भावाने फळीवरच्या डब्यांचे पोचेसुद्धा आठवून आठवून घातले होते. माझी भर एकच.

"दाराखाली बोटभर फट होती," मी म्हटलं. "दार फरशीला घासायचं म्हणून सुताराने खालून रंधा मारला. जरा जास्तच मारला. बाहेरच्या खोलीतून उजेडाची पट्टी दिसायची."

"ती पट्टी मला कशी दिसणार?" भाऊ म्हणाला. पण त्याने फट केली.

ते दार मला पाठ होतं. खालून तासलं तरी चौकटीत ते अडायचंच. शेवटचं दोन बोटं अंतर उरलं की खांदा लावावा लागायचा. आधी करकर, मग धप्प. संध्याकाळी साडेसहाला मी घरी यायचो. ती पाणी द्यायची आणि म्हणायची, "तुम्ही वाचा." मग आत जाऊन दार लावून घ्यायची, भांड्यांच्या आवाजाने माझं लक्ष विचलित होऊ नये म्हणून. करकर, धप्प. छत्तीस वर्षं. नवऱ्याच्या वाचनाची बायकोने एवढी काळजी घेतल्याचं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही.

३

पहिल्या दिवशी तीन वाजता ऊन भावाच्या खिडकीतून त्या चिमुकल्या खिडकीत शिरलं. पडदा उजळला, ओट्यावर निळे चौकोन पडले, फळीखालची भिंत मधासारखी झाली. मला काहीतरी खटकलं, आणि काय ते कळायला थोडा वेळ लागला. हा उजेड मी कधी पाहिलाच नव्हता. कामाच्या दिवशी तीन वाजता मी कचेरीत असायचो, आणि रविवारी तीन वाजता झोपेत. माझ्याच घरातला रोजचा एक तास असा होता, की ज्याच्याशी माझी ओळख नव्हती.

खटकणं हा माझा पेशाच. मी नक्कल विभागात होतो. अस्सल कागद डाव्या हाताला, नक्कल उजव्या हाताला, बोट ठेवून ओळन् ओळ ताडायची, आणि जुळली की शिक्का मारायचा: अस्सलबरहुकूम. सदतीस वर्षांत माझ्या बोटाखालून एक वेलांटी निसटली नाही. त्याच सवयीने मी ओट्यावरून नजर फिरवली. सिंकशेजारी दोन कप पालथे होते.

"कप दोन कशाला?"

"दोनच असायचे," भाऊ म्हणाला. "हात नको लावूस. चिकटवलेत. सगळंच चिकटवलंय, दारसुद्धा. मध्येच काही सरकलं तर फोटो वाया."

असायचे खरे. रोज संध्याकाळी, दार लागण्याआधी, पाण्याचा ग्लास ठेवायला मी सिंकपाशी जायचो तेव्हा दोन कप पालथे असायचे. ही दोनदा चहा पिते, असं मी समजत आलो होतो.

त्याने शटर दाबलं. मी चाळीस मोजले. फोटो लॅपटॉपवर आला, आणि भाऊ त्यातली पडद्याची चुणी न्याहाळू लागला. मी कप पाहिले. एक पालथा होता. दुसरा सुलटा.

मी खोक्याकडे पाहिलं. दोन्ही पालथे. नखाने हळूच ढकलून पाहिले, हलेनात.

"हा कप बघ."

भावाने पाहिलं. "उजेडाचा खेळ," तो म्हणाला आणि लॅपटॉप मिटला.

कप सुलटा दिसला यात मला फार विशेष वाटलं नाही. म्हातारे डोळे, नवं यंत्र, कारणं शंभर. पण माझा भाऊ टाचणी तिरकी आली म्हणून दहा दहा वेळा फोटो काढणारा माणूस. त्याने आयुष्यात कधी कशाला उजेडाचा खेळ म्हटलं नव्हतं. मला खटकलं ते हे, की त्याला नवल वाटलं नाही.

४

आठवडाभर मी काही बोललो नाही. रोज मोजायचो आणि रोज ताडायचो. सोमवारी एक कप सुलटा. मंगळवारी तोच. बुधवारी दोन्ही, आणि दोन्हीत अर्ध्यापर्यंत काहीतरी गडद. खोक्यात मात्र पालथे आणि घट्ट. मी चष्म्याचा नंबर तपासून घेतला. नव्या चष्म्यातून कपांचे कानही स्वच्छ दिसू लागले, एवढाच फरक.

गुरुवारी मी विचारलं, "यातला दुसरा कप कुणाचा रे?"

तो चिमट्याने पडदा सारखा करत होता. "माझा."

"तू आमच्याकडे राहायचास तेव्हाचा."

"तेव्हाचा. आणि नंतरचा."

"नंतर तर तू इकडे राहायला आलास."

"आलो. पण कार्यशाळा दोनला सुटायची. तुझं घर वाटेवर पडायचं."

"वाटेवर? माझं घर बरोबर उलट्या दिशेला आहे."

"हो," तो म्हणाला.

मी थर्माकोल खाली ठेवला. "किती वर्षं?"

"वहिनी दवाखान्यात गेल्या तोवर."

एकूण चौतीस वर्षं. तेवढ्या काळात आमच्या कचेरीत अकरा साहेब बदलले.

"मला कुणी बोललं नाही."

"तू विचारलं नाहीस."

"काय विचारायला हवं होतं मी? 'आज माझ्या गैरहजेरीत कोण कोण हजर होतं', असं?"

"दादा, चोरून काही नव्हतं. दार उघडं असायचं."

हे तो अगदी सहज बोलला. मी मात्र आठवू लागलो, आणि मी घरात असताना ते दार कधी उघडं राहिल्याचं मला आठवेना.

"बोलायचात काय?"

"सगळं."

"सगळं म्हणजे?"

"म्हणजे सगळंच. काय वाटतं, काय वाटत नाही. पुस्तकातलं. तू टेबलावर ठेवून जायचास ती पुस्तकं वहिनी दुपारी वाचायच्या." त्याने चिमटा खाली ठेवला. "वावगं काही नव्हतं. तुझी शपथ."

"वावगं असतं तर बरं होतं," मी म्हटलं. "वावग्याला निदान नाव असतं. चार लोक बोलतात, माणूस दोन दिवस जेवत नाही, प्रकरण मिटतं. याला मी काय म्हणू?"

"चहा म्हण," भाऊ म्हणाला.

त्या दिवशी मी मोजलं नाही. कोट चढवला आणि घरी आलो.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझ्याच स्वयंपाकघरात जाऊन बसलो. आपली बायको कुठे येत असेल तर तिने आपल्या घरी यावं, एवढी अपेक्षा गैरवाजवी नाही. मी दोन कप काढले. चहा केला. तीन वाजले. नव्या कपाटांच्या दारांवर माझंच धूसर प्रतिबिंब पडलं होतं. मी मान हलवली की सगळ्या दारांवर माना हलत. फ्रीज मध्येच गुरगुरायचा आणि गप्प व्हायचा. चहावर साय आली. दुसऱ्या कपातल्या चहावरही आली.

साडेतीनला लेकीचा फोन आला.

"बाबा, आज काकांकडे नाही गेलात?"

"नाही. काय गं, काका दुपारी घरी यायचे हे तुला माहीत होतं?"

"हो, मग? मी शाळेतून यायचे तेव्हा असायचेच की. आई हसत असायची, जिन्यात ऐकू यायचं. म्हणजे? तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माझ्या लक्षात नव्हतं," मी म्हटलं.

"मला वाटलं, सगळ्यांनाच माहीत आहे."

"सगळ्यांनाच होतं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

तिचं हसणं जिन्यात ऐकू जायचं. मी ते हसणं आठवायचा बराच प्रयत्न केला. तिचं स्मित मला माहीत होतं. ते आवाज न करता व्हायचं.

६

शनिवारी मी पुन्हा गेलो. भावाने थर्माकोल हातात दिला. मी चाळीस मोजले. कप दोन्ही पालथे आले. त्याने पुन्हा काढला. पालथे. मग कॅमेऱ्याच्या बॅटरीने मान टाकली आणि तो नवी आणायला खाली गेला.

दुसऱ्याचे कागद उघडून पाहणं हे माझ्या उपजीविकेचं साधन होतं. मी लॅपटॉप उघडला.

याच स्वयंपाकघराचे फोटो होते, पण शेकड्यांनी. तारखा मी यायला लागण्याच्या तीन महिने आधीपासूनच्या. सुरुवातीच्या फोटोंत खोली रिकामी. पुढे कप सुलटे. त्याच्या पुढे ओट्यासमोर हवेत एक मळकट डाग, भिंगावर कुणी श्वास सोडावा तसा. रोज तो थोडा उंच होत गेला. शेवटी माणसाएवढा झाला. म्हणजे त्या खोलीतल्या माणसाएवढा, जेमतेम पाच इंच. वरचा सगळा भाग पुसलेला. हात हलत असणार, मान हलत असणार. मोकळं बोलणाऱ्या माणसाची मान हलतेच.

पण खाली फरशीवर दोन पावलं होती, आणि ती लख्ख आली होती. डावं पाऊल उजव्यावर ठेवलेलं.

कुठेही उभी राहिली की डावं पाऊल उजव्यावर टेकायची, ही तिची खोड. आरशापुढे, बस थांब्यावर, माझ्या आईच्या आजारपणात रुग्णालयाच्या रांगेत. करकोच्यासारखी उभी राहू नकोस, असं मी तिला म्हणायचो. पावलांची बोटं ओट्याकडे नव्हती. कॅमेऱ्याकडे होती.

माझी पहिली आशा अशी, की भावाने नियम मोडून बाहुली केली असावी. मी त्याचे खण उपसले. चिमटे, पाती, रंगाच्या बाटल्या, काड्यापेटीएवढ्या खुर्च्या. बाहुली नव्हती. मी खाली बसून टेबलाखालीही पाहिलं. माझ्या भावाने माझी फसवणूक साध्या, माणसाच्या रीतीने केलेली असावी म्हणून मी त्या दुपारी जेवढा तळमळलो तेवढा बढतीसाठीही कधी तळमळलो नव्हतो.

तो परत आला तेव्हा मी लॅपटॉप मिटला नव्हता.

"कधीपासून?"

तो बसला. "पडदा लावल्यापासून. तो खराच आहे. वहिनींनी जुना पडदा फाडला तेव्हा त्यातला तुकडा मला दिला होता, चष्मा पुसायला."

"मग मला कशाला बोलावलंस?"

"एकट्याने बघायला बरं वाटेना. म्हटलं, तुलाही दिसाव्यात."

"मला कप दिसले."

"हो." तो बॅटरीच्या पाकिटाची कड सोलत होता. "तू मोजायला लागलास आणि त्या यायच्या थांबल्या. नुसते कप तेवढे हलायचे. आता तेही नाहीत." मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "दादा, रागवू नकोस. उद्यापासून नको येऊस."

आपल्या बायकोला भेटायला मला धाकट्या भावाकडे अर्ज करावा लागत होता, आणि तो नामंजूर झाला होता.

"एकदाच," मी म्हटलं. "एकदा मला ती दिसू दे. मी मोजणार नाही, बोलणार नाही, तिच्यासमोरसुद्धा येणार नाही. मग हे खोकं तुझं. मला नको."

त्याने नवी बॅटरी कॅमेऱ्यात सरकवली. "बोलायचं नाही," तो म्हणाला.

७

दुसऱ्या दिवशी, रविवारी, भावाने स्वतः मोजायचं ठरलं. मी खोक्याच्या मागच्या बाजूला गेलो, म्हणजे दाराच्या बाहेरच्या अंगाला. तिथे उजेड जाऊ नये म्हणून तो काळं कापड सोडतो. मी गुडघ्यांवर बसून त्या कापडात शिरलो आणि अर्धवट उघड्या दाराच्या फटीला डोळा लावला. आयुष्यभर मी या दाराच्या याच बाजूला होतो. फक्त उंची बदलली होती.

तीन वाजले. आत निळे चौकोन पडले. शटरची टकटक झाली.

"एक," भाऊ म्हणाला. "दोन."

दहापर्यंत काही नाही. डिंकाचा वास, माझाच श्वास, गुडघ्यातली कळ. मी मनाशी म्हणत होतो, हा पुठ्ठा आहे, हा रंग आहे, तू बासष्ट वर्षांचा आहेस आणि टेबलाखाली बसला आहेस.

बाराला कपात चमचा फिरला. घड्याळाची टिकटिक उशीखालून यावी इतका बारीक आवाज. मग बोलणं. शब्द कळत नव्हते. शेजारच्या घरातलं बोलणं भिंतीतून यावं तशी नुसती चाल. एक वाक्य, मग विराम, विरामात कुणीतरी उत्तर द्यावं एवढी जागा, मग पुढचं वाक्य. आणि मग ती हसली.

ते हसणं मला माहीत नव्हतं.

फटीतून दिसत होतं ते एवढंच: ओट्याची कड, एक कोपर, आणि पिठाने माखलेली बोटं लागू नयेत म्हणून मनगटाने मागे सारलेली बट. ती म्हातारी नव्हती, तरुण नव्हती, आजारी नव्हती. तीन वाजता ती जशी असायची तशी होती.

"सव्वीस," भाऊ म्हणाला. "सत्तावीस."

मी बोलणार नव्हतो. मी कधीच फारसा बोललेलो नाही. पण अठ्ठाविसाव्या आकड्याला माझ्या तोंडून गेलं, "अगं."

चमचा थांबला. कोपर दिसेनासं झालं. भाऊ मोजत राहिला. त्याला काही ऐकू गेलं नसावं. मग माझा डोळा आणि तो उजेड यांच्यामध्ये काहीतरी आलं. इतकं जवळ, की काय ते दिसेना, नुसता अंधार आणि थोडी ऊब. चहाचा वास आला.

आणि करकर झाली.

चिकटवलेलं दार माझ्या डोळ्याच्या दिशेने सरकलं. पापणीला त्याची कड लागली तेव्हा मी डोळा मागे घेतला. शेवटची दोन बोटं उरली तिथे ते अडलं, तसंच, नेहमीसारखं. मग आतून कुणीतरी खांदा लावला.

धप्प.

तिने काही म्हटलं का? मी ऐकलं नाही. ऐकायची गरजही नव्हती. ते वाक्य मला छत्तीस वर्षं पाठ होतं.

"चाळीस," भाऊ म्हणाला.

८

भावाने बोटाने दार ढकलून पाहिलं. उघडेना. पातं घेऊन चौकटीत घालायला गेला, पण मीच त्याचा हात धरला. फोटोत खोली रिकामी होती, कप पालथे, दार बंद.

"तू बोललास," तो म्हणाला.

"एकच शब्द."

"त्या आता येणार नाहीत." तो माझ्याकडे बघत होता, मी त्याचं काहीतरी चोरलं असावं तसा. तसं बघायची पाळी माझी होती, पण मी ते बोललो नाही.

"एक फोटो काढून दे," मी म्हटलं. "बाहेरून. दाराचा."

त्याने वाद घातला नाही. कॅमेरा मागच्या बाजूला आणला, कापडात भिंगापुरती जागा केली, उंची माझ्या डोळ्यांची धरली. मी खुर्चीत बसल्यावर असते ती. शटर दाबलं. मी चाळीस मोजले. त्यानंतर मी त्याच्याकडे गेलेलो नाही, आणि त्याचाही फोन आलेला नाही.

तो फोटो माझ्या बाहेरच्या खोलीत टांगलेला आहे, जुनं दार जिथे होतं त्याला लागून उरलेल्या भिंतीवर. परवा वरच्या मजल्यावरचे गृहस्थ आले होते. त्यांनी विचारलं, "ही खोली कुठे आहे हो?" म्हणजे जमला.

मी तो कित्येकदा ताडून पाहिला आहे. पिवळट रंगाचं बंद दार, कडीच्या जागी झिजलेला गोल, खाली बोटभर फट, फटीत उजेडाची पट्टी. मला जेवढं स्वयंपाकघर माहीत होतं तेवढं सगळं त्यात आहे. मी डोळे मिटून शिक्का मारला असता. फक्त एका जागी अडतं. उजेडाची पट्टी सलग नाही. साधारण मधोमध ती तुटली आहे. मला आधी वाटलं, धूळ. मग मी भिंग आणलं.

ती दारापाशीच उभी आहे, आतल्या बाजूने, दाराला पाठ लावून. तो खंड शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पावलांएवढा रुंद नाही. एकावर एक ठेवलेल्या पावलांएवढा आहे. त्याच्या कडा स्वच्छ आल्या आहेत, म्हणजे पूर्ण चाळीस सेकंद ती हलली नाही. जन्मात कधी माझ्या फोटोसाठी ती एवढा वेळ थांबली नव्हती. मी गेलो की नाही, याची ती चाहूल घेत होती.

आता रोज दुपारी तीन वाजता मी त्या फोटोसमोर खुर्ची घेऊन बसतो आणि पुस्तक उघडतो. वाचून फारसं होत नाही. पण पानं मी उलटतो, दारापलीकडे ऐकू जाईल इतपत आवाज करून.